तीन तासांचा गजर

आमच्या गावात पोरांना लाल लघवी व्हायची
तेव्हा म्हातारे हसून म्हणत, झाला, बाप्या झाला.
मलाही झाली. नवव्या वर्षी.
नाईलच्या कालव्यावर, बांधावर उभा राहून
सगळ्यांना दाखवली.

पाण्यात गोगलगाई होत्या, नखाएवढ्या.
त्यांच्यातून काहीतरी सुटतं, कातडीतून आत शिरतं,
एवढं मास्तर सांगायचा.
पण भाताच्या चिखलात उभं राहायचं
तर पाय कुठे काढून ठेवणार?

सुईवाले आले. बारा सुया घ्यायच्या होत्या.
चौथीनंतर मी मक्यात पळालो.
ओकाऱ्या व्हायच्या हो, खरं सांगतो.

पन्नास वर्षांनी पुन्हा तोच रंग.
दुखत नव्हतं. जरासुद्धा नाही.
म्हणून मी बीट म्हणालो, ऊन म्हणालो,
आठ महिने काहीबाही म्हणत राहिलो.
नबावियाने गलाबिया धुताना पाहिलं.
बोलली नाही.
बसचं भाडं मोजून उशाशी ठेवलं.

मन्सूराच्या इस्पितळात डॉक्टर इनास,
माझ्या धाकटीच्या वयाची.
तिने अशा जागी नळी घातली
की मी छताकडे बघत पंख्याची पाती मोजली.
पडद्यावर फिकट भिंत,
भिंतीवर वाळूसारखे डाग, जुन्या अंड्यांचे,
आणि कोपऱ्यात फुलकोबीचा गड्डा.
"कधीपासून?"
नवव्या वर्षापासून, मी म्हणालो.
"सिगारेट?"
तीही.

तुकडा तपासून आला.
मुळं भिंतीच्या मांसात उतरली होती,
अख्खी पिशवीच काढायची म्हणाली.
मी शेतकरी माणूस. विचारलं,
मग पाणी साठवायचं कुठे?
"तुमच्याच आतड्याची नवी शिवू."

शिवली.
आता माझ्यात एक आतडं
म्हातारपणी नवी नोकरी शिकतंय.
भरल्याचं त्याला कळत नाही,
म्हणून गजर. अकरा, दोन, पाच.
मी बसतो, बायकांसारखा,
पोटावर हात दाबून वाट बघतो.
भिंतीपलीकडे नबाविया जागी असते.
धार ऐकू आली की कूस बदलते.

काल नातू कालव्यावरून आला,
ओले पाय लपवत.
मी त्याला मारलं. पहिल्यांदाच.
मग हाताला धरून दवाखान्यात नेलं.

आता सुया नसतात. एका दिवसाच्या गोळ्या.
वाटेत हुंदके देत त्याने विचारलं,
कडू असतात का, आजोबा?

मला ठाऊक नव्हतं.