शेरा

दाखल क्रमांक चार हजार चारशे सतरा.
कादंबरी. पाने दोनशे शहाऐंशी. किंमत साठ रुपये.
शेऱ्याचा रकाना सव्वीस वर्षं कोरा.

काल समितीनं ठराव केला : रद्द.
शाळेतल्या मुली वाचनालयात येतात, म्हणून.
ठरावात 'अश्लील' शब्द तीनदा आहे,
तीन तऱ्हांनी लिहिलेला.

सरनोबतांनी पुस्तकाला हात लावला नाही.
झेरॉक्स आणली होती, पान सत्त्याऐंशीची,
दोन ओळी पिवळ्या केलेली.
त्यातली शिवी मी रोज ऐकते,
सकाळी शाहूपुरीत गुळाचे रवे उतरताना
माणसं ती एकमेकांना रामरामासारखी घालतात.
कागदावर आली की तिला वास सुटतो म्हणे.

शामल तोडकर झेरॉक्स घेऊन आल्या नव्हत्या.
आठवीतल्या पोरीच्या दप्तरातनं काढून
एका रात्रीत सगळी वाचून आल्या होत्या.
म्हणाल्या, "बाई, खोटं काय न्हाई त्यात.
पण पोरगी इचारली, काकानं असं का केलं तिला,
आणि मी गॅस बारीक करायला उठलो."
त्यांना मी काही बोलले नाही.
माझ्याकडंही उत्तर नव्हतं,
फक्त पुस्तक होतं.

त्याच्या प्रत्येक पानावर, खालून चार बोटं,
तपकिरी रेघ आहे.
पंचगंगा शुक्रवार पेठेत शिरली तेव्हाची.
तालमीची पोरं कमरेएवढ्या पाण्यात रांग करून उभी,
या डोक्यावरनं त्या डोक्यावर पुस्तकं :
पोथ्या, लोणची-मुरंबे, शेअर बाजार, ही.
मी मध्येच नावं वाचत थांबले तर
"काय हाय बघत बसू नगासा, फुडं द्या!"
असं ओरडला तो सरनोबतांचाच धाकटा, इंद्रजित.
मग पंधरा दिवस तालमीच्या माडीवर
लंगोटांच्या दोरीवर वाळत होती कादंबरी.
तेव्हा अब्रू गेली नाही,
ना तिची, ना लंगोटांची.

शेवटच्या पानावरची चिठ्ठी मी काल परत पाहिली.
तारखांचे शिक्के, जांभळे, एकावर एक.
सभासद क्रमांक दोनशे नऊ, दोनदा.
दुसऱ्या वेळी मुदत संपून महिनाभर ठेवलेली.
नाव सांगणार नाही.
ग्रंथपालाला डॉक्टरसारखं पोट असावं लागतं.
एवढंच, की दोनशे नऊची
ठरावावरची सही आता फार वळणदार झालीय.

रद्द लिहिलं की पुस्तक रद्दीत जातं, किलोवर.
मी पेन झटकलं. रकान्यात लिहिलं : गहाळ.
नियमानं गहाळ पुस्तकाची किंमत
जबाबदार व्यक्तीनं भरायची.
भरली. साठ अधिक दंड पाच.
पावती माझ्या नावची, घेणाऱ्याची सही माझीच.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी खोटी नोंद केली
आणि अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

शनिवारी दुपारी, कुलूप लावायच्या वेळी,
शामल तोडकर परत आल्या.
बाजारातनं आल्या असाव्यात,
पिशवीत वर मेथी.
"त्ये पुस्तक खरंच गहाळ झालंय व्हय?" म्हणाल्या.
मी टेबलाच्या खणाकडं बघितलं नाही.
त्यांनी मेथी बाजूला सारली
आणि पिशवी उघडी धरून
उभ्या राहिल्या.