किरकोळ

बावीस अर्ज आले होते.
एका ऑपरेटरच्या जागेला, लातूरसारख्या गावात,
हे काही फार नव्हेत.
मी ते फायलीला लावले
आणि दुपारी धाकट्या मालकांसमोर ठेवले.

त्यांनी अनुभव वाचला नाही,
आयटीआयचे मार्क वाचले नाहीत.
अंगठा फक्त वरच्या ओळीवरून फिरत गेला,
जिथं नाव असतं.

एका ठिकाणी थांबला.
मैनोद्दीन तांबोळी, औसा.
बारा वर्षं सॉर्टेक्सवर, सोलापूर, गुलबर्गा.
"माणूस कामाचा दिसतो," ते म्हणाले.
"पण मुनीमजी, आपल्याकडं दसऱ्याला मशीन पुजतात,
खाली बायका निवडायला बसतात.
उगं कशाला."

उगं कशाला.
यात शिवी नाही, राग नाही,
खोलीतून निघताना पंखा बंद करावा
इतकंच.

मी अर्ज गठ्ठ्याच्या तळाला सारला.
शाळेत घालताना माझ्या बापानं
आमचं खरं आडनाव गावाच्या नावाखाली झाकलं होतं.
चाळीस वर्षं मी त्या झाकणावर सही करतोय.
मला तरी कळायला पाहिजे होतं.
कळलंही होतं.

जागा वैजनाथला मिळाली,
मालकांच्या ड्रायव्हरचा भाचा.
गोड पोरगं. रोज मशीनला उदबत्ती लावायचं.
झाकण मात्र कधी उघडलं नव्हतं त्यानं.

पौषात तूर आली. गेटपासून नाक्यापर्यंत ट्रक.

सॉर्टेक्सचं असं असतं:
डाळ वरून घसरत येते,
काचेमागं एक डोळा बसलेला,
काळा दाणा दिसला की हवेची फुंक,
दाणा बाहेर.
त्या रात्री ती सगळ्यांनाच फुंकायला लागली.
रिजेक्टच्या पोत्यात हात घातला
तर मूठभर पिवळीधमक डाळ.
वैजनाथ शर्टाच्या टोकानं काच पुसत होता
आणि रडायच्या बेतात होता.

साडेअकराला मालक म्हणाले,
"तो, औश्याचा. नंबर असंल की?"
होता.
अर्ज मी फाडला नव्हता.

"मागच्या गेटनं घ्या."

थंडीत वीस किलोमीटर, एम-एटीवर,
कानाला मफलर, खिशात पोरीची कंपासपेटी.
पेटीत पेचकस, सुया, कापसाचे बोळे,
आणि एक खोडरबर, तिचंच राहिलेलं.
त्यानं मशीनला कान लावला,
डॉक्टर पाठीला लावतो तसा.
"आँख कू लै कडक कर दिये मुनीमजी.
जरासा डाग दिखा की फेंक री.
अच्छा माल बी फेंक री."

तो मशीनबद्दल बोलत होता.
मी दोनदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं.
मशीनबद्दलच बोलत होता.

वैजनाथनं टॉर्च धरला.
"उस्ताद, ही नळी कशाची?"
त्यानं सांगितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं.
सुईनं एकेक नोझल मोकळं केलं,
दोन वाजता डाळ सरळ पडायला लागली.

बाराशे रुपयांचं व्हाउचर.
मी मालकांकडं बघितलं, नाव काय घालू.
"नाव कशाला? किरकोळ दुरुस्ती लिहा."
लिहिलं.
मैनोद्दीननं खाली सही केली, मराठीत,
'द्द' नीट वळवून, कुठंही घाई न करता.
"हौ जी, निकलताऊं," म्हणाला
आणि मागच्याच गेटनं गेला.

त्या हंगामात तो चौदा वेळा आला.

मार्चमध्ये ऑडिटचं पोरगं आलं.
पेन्सिल एका रकान्यावर टेकवून म्हणालं,
"काका, हे किरकोळ एवढं कसं?
पगारी ऑपरेटरपेक्षा जास्त?"

डाळीची धूळ चष्म्यावर बसली होती.
मी तो काढून पुसला,
बराच वेळ पुसला,
मग म्हणालो, चहा घेणार का.