फुली-गोळा

लग्नाच्या जेवणात त्यानं कागदी रुमाल उलटा केला,
माझ्या बहिणीकडून पेन मागून घेतलं
आणि काढले पाच गोळे, एका ओळीत.
"हे पाच जण," तो म्हणाला, "चेंडूला कधीच हात लावत नाहीत.
मी यांचा."
मला वाटलं, बिअर चढलीय.

नेब्रास्काच्या पश्चिमेला,
जिथे धान्याचं कोठार चर्चपेक्षा उंच असतं,
तिथल्या शाळेत एमेट ड्रॉब्नी
सकाळी पोरांना गाडी चालवायला शिकवायचा,
दुपारी गुडघ्यात वाकायला.
शुक्रवारी पहाटे चुन्याचा गाडा ढकलत
मैदानावरच्या रेघा स्वतः मारायचा,
दर पाच यार्डांवर एक.
रविवारी तोच चुना
चर्चच्या लाल गालिच्यावर, पहिल्या बाकापर्यंत.

मग कॅन्ससमधलं एक कॉलेज.
मग ओहायो, आणि मॅरिसचा जन्म.
त्या रात्री तो ॲक्रनजवळ
कुणा मुलाच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून
तिनं वाढलेला कोबी दुसऱ्यांदा घेत होता,
कारण मुलगा एकशे तीस किलोचा होता
आणि पावलं मांजराची.
मी त्याला माफ केलं.
कोबी मात्र त्यानंतर घरात शिजला नाही.

व्यावसायिक संघात पहिली खुर्ची मिळाली छत्तिसाव्या वर्षी.
खुर्ची म्हणजे नुसती खुर्चीच:
तळघरात, बॉयलरशेजारी, समोर पडदा.
एकच चाल चाळीस वेळा,
पुढे, मागे, पुढे.
डावा गार्ड उठण्याआधी
त्याचा अंगठा कुठे वळतो ते पाहायचं.
पहाटे तीनला घरी यायचा,
झोपेत माझा दंड धरून म्हणायचा,
"खाली. अजून खाली."

त्यानंतर सहा शहरं. की सात?
एका ठिकाणी थंडी अशी
की शिट्टी ओठाला चिकटून कातडी निघायची.
एका ठिकाणी पडदे शिवून झाले
त्याच आठवड्यात निघायची वेळ आली.
मॅरिस नव्या शाळेत गेली की आधी विचारायची,
मागचं दार कुठे आहे.

एकोणपन्नासाव्या वर्षी मुख्य प्रशिक्षक.
साऱ्या देशात अशा बत्तीसच जागा.
नवा टाय, माइक, कॅमेरे,
आणि मालक थॅचर लुडलो म्हणाला,
"आमच्या कुटुंबात स्वागत."
पहिल्या वर्षी सहा विजय. दुसऱ्या वर्षी चार.
शेजारीण कुत्र्यासकट रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली.
किराणा दुकानातल्या पोरानं मला विचारलं,
एकच यार्ड हवा होता, तर पास कशाला?
मी म्हटलं, दूध बिनसायीचं दे.

जानेवारीतला सोमवार.
तो नऊला घरी परत आला.
कित्येक वर्षांनी मी त्याला
उजेडात, स्वयंपाकघरात उभा पाहिला.
भुवया पांढऱ्या झाल्यात, हे तेव्हा कळलं.
"कुटुंबानं फुली मारली," म्हणाला,
आणि टोस्ट मागितला.

पुढची वर्षं मला नीट आठवत नाहीत.
कुणाचा तरी सहायक, कुणाचा तरी सल्लागार,
एकदा तर त्याच्याच हाताखाली शिकलेल्या पोराच्या हाताखाली.
त्याला तो "सर" म्हणायचा.
मी ऐकलंय, फोनवर.

आता सदुसष्ट.
वायोमिंगमधल्या शाळेनं विचारलं, आणि
त्यानं मला न विचारता हो म्हटलं.
तिथे पोरंच कमी, अकरा भरत नाहीत,
आठ-आठ जण खेळतात.
पुढच्या ओळीत फक्त तिघे.

आज खोकं उघडलं, पंधरा वर्षं न उघडलेलं.
कपाभोवती गुंडाळलेलं वर्तमानपत्र:
त्यात तो, नव्या टायमध्ये, हसताना.
त्यानं कागद तळव्यानं सपाट केला,
फोटोकडे पाहिलंही नाही,
कडेच्या कोऱ्या पट्टीत तीन गोळे काढले.

मग बराच वेळ
त्याचं पेन डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा
कागदाला न टेकता थांबत राहिलं.
मी कप विसळला.
कान तुटलेला निघाला,
पण कॉफी राहते.