वर टांगलेला स्वल्पविराम

गोव्हनहिलच्या वाचनालयात, तळघरात, मंगळवारी सहाला
इशबेल मॅकॉले फळ्यावर एक स्वल्पविराम काढते
आणि तो ओळीच्या पायाशी न ठेवता
वर टांगते, ओला कोट खुंटीला अडकवावा तसा.
"आता हे त्याचं झालं," म्हणते.
बाहेर ग्लासगोत बर्फ नाही, पाऊस नाही,
दोन्हींच्या मधलं काहीतरी पडतंय.

मी मागच्या बाकावर. झेरॉक्स काढणं, चहा करणं माझ्याकडे.
मनात एक जुनी खोड : चा, ची, चे, च्या.
आमच्यात मालकाला विचारतं कोण?
वस्तू बाई की बाप्या, एक की अनेक, त्यावर सगळं.
मुलीचा डबा, मुलीची वही, मुलीचं दप्तर :
मुलगी तीच, शेपूट वस्तूच्या तालावर.
इथे वस्तूला कोणी काही विचारत नाही.

दिलोवानचं भाजीचं दुकान आहे व्हिक्टोरिया रोडवर.
पाटीवर प्रत्येक भाजीच्या डोक्यावर तोच स्वल्पविराम.
"पोटॅटो'ज," इशबेल मोठ्याने वाचते. "बटाट्याचं काय?"
तो नीट विचार करतो.
"भाव."

मग ज्याने त्याने टेबलावर काहीतरी ठेवायचं.
किल्ल्या, एकाच हाताचा मोजा, इनहेलर, बसचा पास,
लेस्याचा चष्मा, काडी दोऱ्याने बांधलेला.
हूज इज धिस? इट्स हर्स.
हूज आर दीज? दे आर हिज.
उरली एक छत्री. हात वर होईना कोणाचा.
गेल्या वर्षापासून कोपऱ्यात उभी आहे म्हणे.
"नोबडीज," इशबेल लिहिते,
आणि तिथेही स्वल्पविराम टांगते.
म्हणजे जो कोणीच नाही
त्याच्याही नावावर इंग्रजीत एक छत्री निघते.

मग हॅव.
आय हॅव अ कार. आय हॅव अ फीवर. आय हॅव अ सिस्टर.
गाडी, ताप, बहीण, तिघांना एकच दावं.
माझ्या डोक्यात ती वेगवेगळ्या दारांनी येतात :
गाडी माझ्याकडे, ताप माझ्या अंगात, बहीण मला.
इशबेलचे वडील लुईस बेटावरचे, मासेमार.
त्यांच्या गेलिकमध्ये हॅव नाहीच, ती सांगते.
होडी माझ्यापाशी आहे, एवढंच म्हणायचं.
"विकली तेव्हा सांगायला सोपं गेलं असेल,"
आणि ती फळा अर्धाच पुसते.

शेवटची पाळी सेमहारची. वहीतून, बोट ठेवून :
आय हॅव थ्री ब्रदर्स.
थांबते. खोडरबर उचलते. खोडत नाही.
"टीचर, दोघं समुद्रात.
हॅव की हॅड?"

रेडिएटर ठोके देतो, पाइपात हवा अडकलेली.
दिलोवान छत्री उघडतो, मिटतो. एक तार वाकडी आहे.
इशबेल पुस्तकात बघत नाही.
"हॅव," म्हणते. मग परत, जरा हळू, "हॅव."

मी कप गोळा करतो.
मला तीन भाऊ.
आमच्या भाषेत एवढ्यावर थांबता येतं,
क्रियापद कोणी मागत नाही, काळ कोणी विचारत नाही.
तिला सांगावंसं वाटलं.
पण तिला परीक्षा इंग्रजीची द्यायची होती,
आणि कपांत चहा तसाच होता, दोन कपांत साय धरलेली.

पुढच्या मंगळवारी आलो तर
फळ्यावर 'नोबडीज' होतं, पुसायचं राहिलेलं.
छत्री नव्हती.