फोटो क्रमांक तीन

माझं आडनाव फेब्रुअरी. हसून घ्या.
विमा कंपनीत मी फोन उचलतो
तेव्हा निम्मी माणसं आधी तारीखच दुरुस्त करतात.

परवा एक दावा आला. नोसिसेलो म्बेकेनी,
नर्स, रात्रपाळी, जुनी पांढरी पोलो,
फोर्ट ब्यूफर्टच्या अलीकडचं वळण,
पहाटे पाच वाजून दहा.
पुढचं डावं चाक. टायर फाटला,
रिम घाईत चावलेल्या बिस्किटासारखी.

आमचा अर्ज बारा पानी.
सातव्या पानावर खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली,
सोबत फोटो, मोजपट्टीसह.
झीज, गंज, हळूहळू झालेलं काहीही
आम्ही धरत नाही.
एकदम झालेलं हवं, एका दणक्यात.
रस्ता वीस वर्षं हळूहळू गेला,
गाडी मात्र एका क्षणात जायला हवी,
तरच आम्ही देणं लागतो.

फोटो एक: चाक.
दोन: चाकच, जवळून.
तीन: खड्डा.

एकोणीस वर्षं मी खड्डे बघतोय.
खड्ड्याला वय असतं.
कडा गुळगुळीत होतात, डांबर आत वळतं
म्हाताऱ्याच्या ओठासारखं,
तळाला पाणी, पाण्यात बाटलीचं झाकण.
हा खड्डा कालचा होता.
कडा ताज्या. शेजारी लाल मातीचा ढीग.
आणि कोपऱ्यात, मोजपट्टीच्या वर,
एक अनवाणी पाय, अकराएक वर्षांचा,
अंगठ्याचं नख काळं पडलेलं.

मी फोन लावला.
"फेब्रुअरी बोलतोय."
"नाही हो, मार्चमध्ये झालं," ती म्हणाली.
मग दोघंही थांबलो.

लपवलं नाही तिनं काही.
चार तास झोप काढून फोटोसाठी परत गेली
तर खड्डा बुजलेला.
तीन पोरं, एक फावडं, एक दुधाच्या पावडरीचा डबा.
गाड्या हळू होतात, काच खाली येते,
डब्यात नाणं वाजतं.
आदल्या आठवड्यात तिनंही टाकले होते पाच रँड,
त्याच वळणावर.
"त्यांना म्हटलं, बाळांनो, माझा खड्डा कुठाय?"
मोठ्यानं फावड्यानंच दाखवला.
"उकरून देऊ? वीस रँड.
किती खोल हवा, सिसी?"

"होता तेवढाच," ती म्हणाली,
आणि तिथंच भांडण जुंपलं.
ती म्हणे जवळजवळ गुडघ्यापर्यंत.
धाकटा म्हणे छे, घोट्याच्या वर जरासा,
भरला कुणी, तुम्ही का मी?
शेवटी स्वतःच आत उभा राहिला
आणि पायावर बोट ठेवून म्हणाला, इथवर.
खणला. मोजला. फोटो. परत बुजवला.

"बुजवायचे वेगळे नाही घेतले हो त्यांनी,"
ती फोनवर म्हणाली,
जणू हेही सातव्या पानावर लिहायचं राहिलं होतं.

नियमानं हा पुरावा बनावट.
नगरपालिकेला विचारलं,
दोन ओळींचं उत्तर आलं:
सदर ठिकाणी खड्डा आढळला नाही.
तेही खरंच.

मी खोलीच्या रकान्यात लिहिलं,
घोट्याच्या वर जरासा.
खोडलं. अठरा सेंटिमीटर.
दुरुस्ती सहा हजार नऊशे,
त्यातले पहिले पाच हजार कराराप्रमाणे तिचेच.
उरलेले एकोणीसशे सहीसाठी वरच्या मजल्यावर गेलेत,
अजून खाली आलेले नाहीत.

रविवारी मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो.
वळणावर तिघंही होते. काच खाली केली.
धाकट्याच्या अंगठ्याचं नख काळं.
मी खिशात नाणं चाचपतोय
तोवर तो वाकून माझं चाक बघून आला,
फावड्यावर रेलला,
आणि धंदेवाईक आवाजात विचारलं,
"तुमचा कुठला?"