चार बोटं सॅटिन

दौंडची गाडी गेली की आमच्या घोरपडीत
फळीवरचे काचेचे ग्लास
किणकिणून एकमेकांना विचारतात, गेली का?
मग मी मशीनवर बसते.
डबा झाला, भांडी झाली,
ओट्यावर भाताची चार शितं राहिलीत
ती मुद्दामच.
मागच्या दारी त्यांचे मालक उभे आहेत.

फेब्रुवारीत काळी खुडूक बसली.
नफिसाआपानं अकरा अंडी दिली,
मी प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख घातली,
मापाच्या वहीत घालते तशी:
छाती, कंबर, उंची, द्यायचा वार.
एकविसाव्या दिवशी सकाळीच
मागचं अंगण चिवचिवाटानं टराटरा उसवलं.
दहा.
अकरावं गप्प.

काळीनं एक दिवस वाट पाहिली,
मग दहा जणांना घेऊन शेवग्याखाली गेली.
तिचंही बरोबर.
दहांना उकरायला कोण शिकवणार?

आमचे हे लोकोशेडमधून रिटायर,
इंजिन दोन ठोक्यांत ओळखायचे.
अंडं कानाला लावलं, म्हणाले,
बंद आहे.

तरी मी ते चिंध्यांच्या खोक्यात ठेवलं,
जपून ठेवलेला साठचा पिवळा बल्ब
मशीनवरून खाली वाकवला.
हातात एस्तेरच्या नातीचा
बाप्तिस्म्याचा झगा होता.
पांढरं सॅटिन, हट्टी,
सुईखालून मासळीसारखं निसटणारं.

रात्री घरची प्रार्थना. नेहमीची यादी:
पाळकबाईंचा गुडघा, किशोरची नोकरी,
आपांच्या सुनेचं बाळंतपण.
मग मी अडखळले.
एका अंड्यासाठी मागावं का?
एवढ्या मोठ्या दारात एवढीशी चिठ्ठी?
मनातल्या मनातच सरकवली.
हे एक डोळा उघडून बघत होते.
म्हणाले, आमेन.
जरा जोरातच.

अडीच वाजता, गळ्याला गोट लावताना,
टक.
मशीन थांबवलं. सुईचा आवाज नव्हे.
पुन्हा टक.
"चालू झालं," हे अंधारातून म्हणाले.
म्हणजे झोपले नव्हते.

आलं ते फाकल्या पायांचं.
चुकीच्या रेघेवर कापलेल्या बाह्यांसारखे
दोन पाय दोन दिशांना.
उठायचं, पडायचं, पोटावर सरकायचं
आणि वर आमच्याकडंच रागानं बघायचं,
जणू टीप मीच वाकडी घातली.

झग्याचं चार बोटं सॅटिन उरलं होतं.
दुमडून पट्टी केली, दोन कच्चे टाके,
पायांत बोटभर अंतर ठेवून हलकेच अडकवली.
चाळीस वर्षं शिवतेय मी,
भरल्या पोटाच्या बाया, पोक आलेले म्हातारे,
एक हात नसलेला बँडवाला.
एवढं लहान माप कधी घेतलं नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये पाणी थंड होतं.
बाळानं टाहो फोडला,
झगा मात्र गळ्यात नीट बसला,
मागच्या घडीत एक पिवळसर ठिपका आहे
तो मला आणि देवाला ठाऊक.
एस्तेरनं लांबूनच मान डोलावली.
पाळकबाई शुभ्र वस्त्रांविषयी बोलत होत्या.
मी ऐकत होते. अर्धंच.
अर्धं मन फाटक ओलांडून खोक्याशी,
जिथं त्याच ताग्याची पट्टी घालून
कुणी एक जण उभं राहू बघत होतं.

हे उशिरा आले.
पुरुषांच्या बाकावर बसून
गीतांच्या पुस्तकावर दोन बोटं ठेवली
आणि माझ्याकडं बघत चालवली,
टुकूटुकू, टुकूटुकू, काठापर्यंत.
मग आडवी पाडली.
मग उभी केली.

पदर तोंडाशी धरून मी खाली बघितलं.
गीताचा क्रमांक सांगितला गेला,
बाक करकरले,
आणि आम्ही सगळेच, गुडघ्यांसकट,
उठलो.