मोजदाद

गळ ठेवायचा पत्र्याचा डबा. त्याला कुलूप.
किल्ली माझ्या गळ्यात.
फ्लॉरीच्या गोळ्या आता तिथे राहतात,
गंजक्या आकड्यांशेजारी.
पहाटे चारला, बोटीवर जाण्याआधी
मी मोजून काढतो, बशीत ठेवतो.
ती बशीकडे बघते. माझ्याकडे नाही.

ग्लेस बेमधल्या खाणी मिटल्या तेव्हा
पाठीसाठी, गुडघ्यांसाठी घरोघरी ही गोळी आली होती.
आमच्याकडे आतड्यासाठी आली.
ती न्हाणीघराच्या फरशीला कपाळ लावून बसायची,
गार लागतं म्हणून.
डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस घ्या.
त्या संध्याकाळी तिनं ब्लूबेरी पाय खाल्ला,
दोन तुकडे, आणि बोटं चाटली.
देव आहे, असं मीच म्हणालो होतो.
मीच. हे विसरता कामा नये.

पंधरा दिवसांची नऊ वर्षं झाली.
दुखणं गेलं नाही, मागच्या खोलीत जाऊन बसलं.
तिथं काय करतंय, ऐकू येईना.

एकदा अकरा गोळ्या कमी भरल्या.
"मोजायला चुकलास," ती म्हणाली.
जन्मभर शेवंडं मोजली मी,
थंडीत बोटं बधिर होतात, आकडा नाही.
तरी म्हटलं, चुकलो असेन.

मग मार्चमधली ती रात्र, बंदरात बर्फ दाटलेला.
तिच्या पोटात गोळा उठला, असा
की उशीचा अभ्रा दातांनी फाटला.
इस्पितळातल्या कोवळ्या डॉक्टरनं पडद्यावर तिची यादी वाचली
आणि त्याचा आवाज बदलला.
"आज किती घेतल्यात, मिसेस मॅकलेलन?"
सात तास बाकावर.
खरं दुखणं, पण चोरासारखं
अंग चोरून बसलेलं.
मग तो माझ्याकडे वळला : तुम्ही सांगा.
आणि मी थांबलो.
मनात डबा उघडून मोजू लागलो.

तेवढ्यात तिनं मला पाहिलं.

उजाडता उजाडता कापलं. हातभर आतडं काढलं.
आतली वाट पेन्सिलीएवढी उरली होती म्हणे.

आता बशीत अर्धी असते.
रात्री ती घामानं निथळते, पाय झाडते,
मी चादरी बदलतो, बोलत नाही.
काल मात्र म्हटलं, फ्लॉरी, त्या रात्रीचं पोटात घाल.
"जागा कुठंय तिथे, वेंडेल?"
आणि तिनं हात पुढे केला.
मला वाटलं, गोळीसाठी.
ती किल्ली मागत होती.

अजून दिलेली नाही.
जाळं ओढताना छातीवर आपटते,
खाऱ्या वाऱ्यात गार पडलेली.